सॉफ्टवेअर सिंथची तुलना: आवाज आणि मांडणी यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअर सिंथ म्हणजे संगणकातच आवाज तयार करणारं वाद्य. इथली उत्तरं घरच्या लॅपटॉपवर, साधा मिडी कीबोर्ड आणि बऱ्यापैकी हेडफोन घेऊन काम करणाऱ्यांसाठी आहेत. काही ठिकाणी सरळसरळ मत दिलं आहे, ते मत म्हणूनच वाचा. आकडे मात्र तुम्हाला स्वतः पडताळून बघता येतील असे आहेत.

सगळ्यात चांगला आवाज कुठल्या सिंथचा?

या प्रश्नाला एका नावात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एकच सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारख्या आकाराची लहर), फिल्टर (आवाजाचा काही भाग गाळणारा) पूर्ण उघडा, सगळे इफेक्ट बंद आणि मधल्या सप्तकातला एखादा सूर, एवढंच ठेवलं तर सीरम, व्हायटल, सर्ज एक्सटी आणि सिलेंथ-वन यांच्यातला फरक डोळे मिटून सांगणारे फार थोडे निघतील. सॉ वेव्ह कशी तयार करायची हे गणित आता जुनं झालंय आणि बहुतेकांना ते नीट जमतं.

खरा फरक चार जागी पडतो. वरच्या सप्तकांत सूर किती स्वच्छ राहतो, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला आवाज उठवणं) वाढवल्यावर फिल्टर कसा वागतो, एन्व्हलप (सूर कसा सुरू होतो आणि विरतो ते ठरवणारा भाग) किती चपळ आहे आणि चार-पाच गोष्टी एकदम हलत असताना आवाज कसा टिकतो. या चार जागा सोडून 'या सिंथचा आवाज भारी' असं कुणी म्हणत असेल, तर बहुधा त्याला त्या सिंथचे प्रीसेट (आधीच बनवून ठेवलेले आवाज) आवडलेले असतात. प्रीसेट आवडणं गैर नाही, पण ते काम ज्याने प्रीसेट बनवला त्याचं आहे.

मग व्हिडिओतल्या तुलनेत एक सिंथ 'जाड' आणि दुसरा 'पातळ' का वाटतो?

बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीमुळे. दोन अगदी सारख्या ध्वनींपैकी एक जरासा मोठा वाजवला, तर कानाला तो मोठा झालाय असं वाटत नाही, तो 'जास्त भरीव' किंवा 'जास्त स्पष्ट' वाटतो. एक डेसिबलचा फरकसुद्धा पुरतो. बहुतेक सिंथ उघडल्या उघडल्या वेगवेगळ्या पातळीवर वाजतात, त्यामुळे पातळी न जुळवता केलेली तुलना ऐकण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण इफेक्ट. आजच्या प्रीसेटमध्ये रिव्हर्ब, कोरस, डिस्टॉर्शन आणि मल्टिबँड कॉम्प्रेसर ठासून भरलेले असतात. प्रीसेट वाजवा आणि इफेक्टचा विभाग बंद करा. कित्येकदा मागे एक बिचारी सॉ वेव्ह उरते. सिंथ निवडताना त्या उरलेल्या आवाजाकडे बघायचं, कारण तसला रिव्हर्ब तुमच्या डीएडब्ल्यूमध्ये (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) फुकट मिळतोच.

एलियसिंग, एलियसिंग म्हणतात ते नेमकं काय आणि मला ते ऐकू येईल का?

येईल, आणि एकदा ऐकलंत की मग सगळीकडे ऐकू येत राहील.

४४.१ किलोहर्ट्‌झच्या सॅम्पल रेटवर (म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी) जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्‌झपर्यंतची कंपनसंख्या मांडता येते. सॉ वेव्हमध्ये मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर असतात आणि तत्त्वतः ते संपतच नाहीत. समजा मूळ सूर ५,००० हर्ट्‌झचा आहे. मूळ सूर पहिला धरला तर पाचवा उपस्वर २५,००० हर्ट्‌झचा, म्हणजे मर्यादेच्या बाहेर. पण तो गायब होत नाही. सिंथने काळजी घेतली नसेल तर तो उलटा फिरून ४४,१०० वजा २५,००० म्हणजे १९,१०० हर्ट्‌झवर येऊन बसतो. आठवा उपस्वर ४०,०००चा, तो येतो ४,१००वर, म्हणजे मूळ सुराच्याही खाली. नववा ४५,०००चा, तो थेट ९००वर. या आकड्यांचं मूळ सुराशी कसलंच सांगीतिक नातं नाही, म्हणून तो कचरा बेसूर, काचेवर ओरखडा काढल्यासारखा लागतो.

पकडायची युक्ती सोपी आहे. पिच बेंडची मर्यादा १२ सेमीटोन करा, एक उंच सूर धरा आणि चाक सावकाश वर न्या. मूळ सूर वर चढत असताना आत कुठेतरी दुसरे सूर खाली उतरताना ऐकू आले, तर ते एलियसिंग. चांगल्या सिंथमध्ये सगळं एकाच दिशेनं जातं.

यावर उपाय दोन प्रकारचे. एक, लहर बनवतानाच मर्यादेबाहेरचे उपस्वर वगळायचे. दोन, आत दुप्पट किंवा चौपट सॅम्पल रेटने काम करून शेवटी वरचा भाग गाळून टाकायचा. दुसऱ्यात प्रोसेसर जास्त खर्च होतो. सीरम २०१४ मध्ये आला तेव्हा त्याचं जे कौतुक झालं त्यात मोठा वाटा याच स्वच्छपणाचा होता. त्याआधीच्या बऱ्याच वेव्हटेबल सिंथमध्ये (साठवलेल्या लहरींच्या संचातून आवाज काढणाऱ्या) वरचे सूर खरखरीत व्हायचे.

आता गंमत बघा: सर्ज एक्सटीमध्ये 'एलियस' नावाचा एक ऑसिलेटरच (मूळ लहर बनवणारा भाग) आहे, जो हा कचरा मुद्दाम तयार करतो. जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाजासाठी तोच हवा असतो. तेव्हा एलियसिंग म्हणजे पाप नव्हे, न मागता मिळालं तर मात्र दोष.

फिल्टरमध्ये एवढं काय असतं?

माझ्या मते सिंथचं खरं व्यक्तिमत्त्व तिथेच असतं. १९७० च्या मिनीमूग या सिंथची कीर्ती मुख्यतः त्याच्या फिल्टरवर उभी आहे.

ॲनालॉग फिल्टरमध्ये बाहेर आलेला आवाज त्याच क्षणी पुन्हा आत जातो आणि त्यातून रेझोनन्स तयार होतो. संगणकात 'त्याच क्षणी' जमत नाही. साध्या पद्धतीत तो एक सॅम्पल उशिरा आत जातो. उशीर नगण्य वाटतो, पण रेझोनन्स वाढवून कटऑफ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) वर नेला की फिल्टरचा सूर हलतो आणि तो कर्कश होतो. हा उशीर काढायचा तर प्रत्येक सॅम्पलला एक समीकरण सोडवावं लागतं, आणि फिल्टरच्या आतली विकृतीही धरायची म्हटलं तर ते समीकरण पुन्हा पुन्हा सोडवत उत्तराजवळ जावं लागतं. बर्लिनच्या यू-ही कंपनीने २०११ मध्ये डिव्हा आणला तेव्हा नेमकं हेच केलं, आणि त्या वेळचे संगणक अक्षरशः गुडघे टेकायचे. म्हणूनच डिव्हामध्ये अचूकतेच्या चार पायऱ्या आहेत: ड्राफ्ट, फास्ट, ग्रेट आणि डिव्हाइन. वाजवताना खालची पायरी आणि अंतिम रेंडरला वरची, अशी वेगवेगळी निवडही करता येते.

तपासून बघायचं असेल तर कटऑफ अर्ध्यावर आणि रेझोनन्स जवळजवळ पूर्ण ठेवा, आणि कटऑफ हाताने फिरवा. पायऱ्या चढल्यासारखा खडखडाट येतोय का? आवाज एकदम पातळ होतोय का? की शिटी गोल आणि सलग वर जाते? या एका चाचणीत डिव्हा आणि त्याच कंपनीचा रेप्रो बाकीच्या बऱ्याच जणांना मागे टाकतात. सीरमचे फिल्टर काम चोख करतात, पण त्यांच्या प्रेमात पडलेला माणूस मला अजून भेटायचाय. त्यांचा जीव वेव्हटेबलमध्ये आहे.

इंटरफेसचा आवाजाशी काय संबंध? दिसतं कसं याने काय फरक पडतो?

कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात खूप, कारण जे नॉब हाताशी येतात तेच फिरवले जातात.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण सॉफ्टवेअरच्या आधीचं आहे. मिनीमूगवर प्रत्येक कामाला एक नॉब होता. सगळं समोर, लपलेलं काही नाही. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. सहा ऑपरेटर (लहरी बनवणारे घटक), ३२ अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या पद्धती), आवाजाच्या शक्यता मिनीमूगच्या कितीतरी पट. पण समोर सपाट बटणं, दोन ओळींचा छोटा डिस्प्ले आणि किंमत बदलायला एकच स्लायडर. परिणाम काय झाला? बहुतेकांनी त्यात स्वतः आवाज बनवण्याचा नाद सोडला आणि कारखान्यातून आलेले आवाजच वाजवले. त्या दशकातली इतकी गाणी एकाच इलेक्ट्रिक पियानोवर चालतात त्याचं कारण यंत्राची मांडणी आहे, आवाजाचं तंत्र नव्हे. तंत्र तर अफाट होतं.

सॉफ्टवेअरमध्येही हीच कथा घडली. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या मॅसिव्हने एलएफओ (दुसरी गोष्ट सावकाश हलवत राहणारी लहर) उचलून नॉबवर टाकायची सोय लोकांच्या अंगवळणी पाडली. त्याआधी मॉड्युलेशन (एका गोष्टीने दुसरी हलवणं) म्हणजे एका तक्त्यात 'उगम' आणि 'लक्ष्य' भरत बसणं. तक्ता भरण्यात आणि ओढून टाकण्यात फलित एकच आहे, पण ओढून टाकता आलं की माणूस दहा गोष्टी करून बघतो, तक्ता असला की दोन. डबस्टेपमधला तो वळवळणारा बास मॅसिव्हवर इतका फोफावला त्यात या सोयीचा हात नक्की आहे.

मग चांगली मांडणी ओळखायची कशी?

सिंथ उघडा, कोरा पॅच (काहीच न लावलेली आवाजाची जुळणी) घ्या आणि मॅन्युअल न उघडता एक काम करा: एलएफओने फिल्टरचा कटऑफ हलवायचा, आणि तो किती हलतो हे व्हेलॉसिटीवर (पट्टी किती जोरात दाबली त्यावर) ठेवायचं. पहिला भाग सगळीकडे जमतो. दुसऱ्या भागात मांडणीचा कस लागतो.

मग उलटं करा. दुसऱ्या कुणाचा गुंतागुंतीचा प्रीसेट उघडा आणि 'हा आवाज थरथरतोय तो कशामुळे?' याचं उत्तर शोधा. नॉबवर माउस नेल्यावर त्याला काय काय जोडलंय ते दिसलं पाहिजे. व्हायटलमध्ये हे झकास आहे: नॉबभोवती कमान दिसते आणि ती आवाजाबरोबर हलते. नुसत्या सुंदर इंटरफेसमध्ये बनवणं सोपं असतं, चांगल्या इंटरफेसमध्ये वाचणंही सोपं असतं.

बारीकसारीक गोष्टींनी रोजचा जीव वाचतो किंवा जातो. खिडकी लहानमोठी होते का, नॉबवर डबल क्लिक केल्यावर मूळ किंमत परत येते का, नेमका आकडा टाइप करता येतो का, शिफ्ट धरून हळू फिरवता येतं का. १५ इंची लॅपटॉपवर मुंगीच्या पावलांएवढे आकडे वाचत दोन तास बसलात की या यादीचं महत्त्व पटतं.

जुन्या यंत्रांसारखे दिसणारे प्लगइन, लाकडी कडा वगैरे, हे नुसतं सजावटीचं का?

पूर्णपणे नाही. ज्याने खरं यंत्र वाजवलंय त्याचा हात आपोआप योग्य जागी जातो. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या आर्टुरियाने जुन्या यंत्रांची मोठी मालिका अशीच बनवली आहे. पण ज्याने मूळ यंत्र कधी पाहिलंच नाही त्याच्यासाठी १९८१ च्या ज्युपिटर-८ ची मांडणी संगणकावर जशीच्या तशी आणण्यात विशेष लाभ नाही. तिथे जागेची, तारांची आणि खर्चाची बंधनं होती, इथे ती नाहीत. स्क्रीनवरची केबल माउसने ओढून खाचेत बसवणं मला तरी पहिले दहा मिनिटंच मजेदार वाटतं. आर्टुरियाच्याच पिगमेंट्समध्ये, जो २०१८ च्या अखेरीस आला, त्यांनी हा सोस सोडला, आणि तोच त्यांचा सगळ्यात शिकण्याजोगा सिंथ आहे.

सीरम की व्हायटल?

पैसे मोजायचे नसतील तर प्रश्नच मिटला: व्हायटल. मॅट टायटेलने नोव्हेंबर २०२० मध्ये तो आणला. मोफत आवृत्तीत आवाजाचं इंजिन पूर्ण आहे, फक्त प्रीसेट आणि वेव्हटेबल कमी मिळतात. तीन ऑसिलेटर, एक सॅम्पलर, दोन फिल्टर. वेव्हटेबलमध्ये २०४८ सॅम्पलच्या २५६ चौकटी मावतात, सीरममध्येही तेवढ्याच.

आवाजात फरक आहे, पण 'चांगला-वाईट' असा नाही. व्हायटलमध्ये उपस्वरांनाच ताणण्या-दाबण्याचे प्रकार आहेत, त्यातून धातूसारखे, घंटेसारखे आवाज झटकन निघतात. सीरमकडे स्टीव्ह डूडाने दहा वर्षं घासूनपुसून ठेवलेला वेव्हटेबल एडिटर आहे आणि जगभरच्या प्रीसेटचा डोंगर आहे. मार्च २०२५ मध्ये सीरम-२ आला. त्यात तीन मुख्य ऑसिलेटर आहेत, सॅम्पल, ग्रॅन्युलर आणि स्पेक्ट्रल पद्धती आहेत, आणि आधीच्या मालकांना तो फुकट दिला. या धंद्यात असं क्वचित होतं.

मांडणीबद्दल माझं मत व्हायटलच्या बाजूने आहे. सगळं हलताना दिसतं, म्हणून नवशिक्याला एन्व्हलप म्हणजे काय हे सांगावंच लागत नाही. मात्र जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कमकुवत असेल तर हीच हालचाल जड जाते.

लहरी डोळ्यांसमोर हलताना दिसतात त्याने कान बिघडतो म्हणतात. खरं का?

बिघडत नाही, पण फसतो. स्क्रीनवर भव्य आकृती वळवळताना दिसली की आवाजही भव्य वाटतो. तुलना करताना खिडकी बंद ठेवा, बनवताना खुशाल उघडा.

सर्ज एक्सटी दिसायला रुक्ष वाटतो. त्याच्या वाटेला जावं का?

जरूर जावं. क्लेस योहान्सनचा हा सिंथ आधी विकत मिळायचा. २०१८ मध्ये त्यांनी त्याचा स्रोत खुला केला आणि तेव्हापासून स्वयंसेवकांनी तो वाढवत नेला. एक्सटी ही आवृत्ती जानेवारी २०२२ ची. बारा प्रकारचे ऑसिलेटर, फिल्टरचे ढीगभर प्रकार, आणि किंमत शून्य. त्यातला 'स्ट्रिंग' ऑसिलेटर तार छेडल्यासारखा आवाज गणिताने बनवतो, आणि त्यासाठी सॅम्पलची एकही फाइल लागत नाही.

मांडणी सुरुवातीला डोक्यावरून जाते, हे मान्य. मॉड्युलेशन लावायला आधी खालचा स्रोत निवडायचा, मग तो 'लावायच्या' अवस्थेत न्यायचा, मग वरचा स्लायडर हलवायचा. एकदा हे उमगलं की हात वेगात चालतो. पण पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या समोर मी सर्ज ठेवणार नाही, व्हायटल ठेवेन. सर्ज दुसऱ्या महिन्यात.

एफएम (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून आवाज बनवणं) शिकायचंय. काय वापरू?

डेक्स्ड. फुकट आहे, डीएक्स-७ ची हुबेहूब रचना आहे आणि त्या काळातल्या हजारो पॅचच्या फाइल त्यात उघडतात. सहाही ऑपरेटर एका पटावर दिसतात, जे मूळ यंत्रावर कधीच शक्य नव्हतं. तरीही एफएम अवघडच राहतं, कारण एका ऑपरेटरची पातळी थोडी हलवली तरी आवाज कुठच्या कुठे जातो. दोन ऑपरेटरपासून सुरुवात करा, बाकीचे चार बंद ठेवा.

घरच्या घरी प्रामाणिक तुलना कशी करायची?

दोन सिंथ, दोन ट्रॅक, एकच मिडी क्लिप. क्लिपमध्ये चार गोष्टी असू द्या: एक लांब खालचा सूर, एक चार सुरांचा कॉर्ड, खालून वर पाच सप्तकं चढणारी ओळ आणि मात्रेच्या चौथ्या हिश्शाचे (सिक्स्टीन्थ नोट) तुटक सूर. शेवटच्यावरून एन्व्हलप कळतो. ॲटॅक शून्यावर ठेवूनही सूर मऊ सुरू होत असेल तर तो सिंथ पर्कशनसाठी नको. उलट प्रत्येक सुराला 'टक्‌' येत असेल तर त्याच्यावर पॅड करताना त्रास होईल.

दोन्हीत कोरा पॅच घ्या. एक सॉ, इफेक्ट बंद, युनिसन (एकच सूर किंचित वेगळ्या अनेक प्रतींनी वाजवणं) बंद. मग पातळी मीटर लावून जुळवा, कानाने नको. यूलीनच्या लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती यासाठी पुरते. दोन्ही ट्रॅक ऑडिओत उतरवून घ्या, फाइलींना अ आणि ब अशी नावं द्यायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा, आणि मग ऐका. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका, कारण थकलेल्या कानाला झगझगीत आवाजच चांगला वाटतो.

काही लोक दोन फाइलींपैकी एक उलटवून बेरीज करतात आणि 'शून्य आलं नाही, म्हणजे फरक आहे' असं सांगतात. सिंथच्या बाबतीत ही चाचणी फसवी आहे. बऱ्याच सिंथमध्ये ऑसिलेटर प्रत्येक वेळी वेगळ्या फेजपासून (लहरीतल्या वेगळ्या जागेपासून) सुरू होतो, त्यामुळे एकाच सिंथचे दोन टेकसुद्धा एकमेकांना पुसून टाकत नाहीत.

आणि हे सगळं झाल्यावर, त्याच सिंथमध्ये एका बैठकीत एक पूर्ण तुकडा बसवून बघा. अ-ब चाचणीत जिंकलेला सिंथ बऱ्याचदा इथे हरतो. हात अडखळला की कल्पना निसटते, आणि ती निसटली हे तुम्हाला कळतही नाही.

लॅपटॉप अडखळतो, आवाज तुटतो. सिंथ वाईट की मशीन?

आधी बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तयार करतो तो) बघा. ४४.१ किलोहर्ट्‌झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे सुमारे ११.६. वाजवताना कमी लागतो, मिक्सिंगला जास्त चालतो. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर वापरा.

मग पॅच बघा. सोळा आवाजांचं युनिसन, चार सुरांचा कॉर्ड आणि लांब रिलीज म्हणजे एकाच वेळी शेकडो ऑसिलेटर. सिलेंथ-वनची निर्माती कंपनी एकाच वेळी ५१२ आवाजांचा दावा करते आणि तरीही तो हलका चालतो, म्हणून जुन्या मशीनवर तो अजून टिकून आहे. डिव्हा मात्र जुन्या ड्युअल-कोअर लॅपटॉपवर घेऊ नका. घेतलाच तर ड्राफ्टवर वाजवा आणि ट्रॅक फ्रीझ करत (तात्पुरता ऑडिओत उतरवत) जा.

आपल्या संगीतासाठी, म्हणजे शुद्ध स्वर आणि मींड यांसाठी, कुठला सिंथ बरा?

पेटीवर जी तक्रार आहे तीच कीबोर्डवर. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) येतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ च्या आसपास. १४ सेंटचा हा फरक षड्‌जाचा खर्ज लावून धरला की कानाला टोचतो. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो चालून जातो.

सर्ज एक्सटी आणि व्हायटल दोन्ही स्काला पद्धतीच्या ट्यूनिंग फाइल उघडतात. ही साधी मजकूर फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते: पहिल्या ओळीत नाव, दुसरीत सुरांची संख्या, मग प्रत्येक ओळीवर एक गुणोत्तर. बारा सुरांसाठी १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८ आणि शेवटी २/१ हा एक चालण्याजोगा संच आहे. फाइलमध्ये अंक मात्र इंग्रजीच लिहा, देवनागरी अंक सिंथला कळत नाहीत. रागाप्रमाणे कोमल ऋषभ किंवा धैवत उतरवायचा असेल तर त्या ओळीतलं गुणोत्तर बदला. सर्जमध्ये फाइल उघडली की सा पांढरी एकवर धरला जातो. तुमची पट्टी काळी चार असेल तर कीबोर्ड मॅपिंगची वेगळी फाइल द्या, किंवा सरळ ट्रान्सपोज करून पांढरी एकवरून वाजवा. यू-हीचे सिंथही ट्यूनिंग फाइल घेतात, त्यांचा प्रकार तेवढा वेगळा.

मींडेसाठी मोनो आणि लेगाटो चालू करा, ग्लाइडचा वेळ ८० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवून बघा. पण ग्लाइड दर वेळी ठरलेल्या एकाच पद्धतीने जातो आणि गाणारा गळा तसा जात नाही. त्यामुळे पिच बेंडची मर्यादा पाच किंवा सात सेमीटोन करून चाकाने सूर ओढणं जास्त जिवंत लागतं. बोटागणिक वेगळी मींड हवी असेल तर २०१८ मध्ये मान्य झालेली एमपीई पद्धत वापरणारा कीबोर्ड लागेल. सर्ज आणि व्हायटल दोघांनाही ती समजते.

हे वेड नवं नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ (बास सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) यांवर राग वाजवून ठेवले आहेत. ऐकताना त्यांचं सूर ओढणं लक्ष देऊन ऐका.

तंबोऱ्याची जवारी मात्र सिंथवर करायला जाऊ नका, असा माझा सल्ला. तार जमते, पण प्रत्येक आघातानंतर उपस्वरांची जी रांग उलगडते ती साध्या फिल्टरने साधत नाही. चांगलं रेकॉर्डिंग घ्या आणि सिंथ त्याच्यावर वाजवा.

दिसत नाही किंवा कमी दिसतं अशांना यातलं काय वापरता येईल?

बहुतेक सिंथ म्हणजे एक चित्र असतं आणि स्क्रीन रीडरला त्यात एकही नॉब सापडत नाही. सर्ज एक्सटी हा सन्माननीय अपवाद. कीबोर्डने सगळीकडे फिरता येतं आणि विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर नियंत्रकांची नावं नि किंमती वाचून दाखवतो. मांडणीची चर्चा करताना हा मुद्दा क्वचितच येतो, खरं तर तो पहिल्या पाचात हवा.

क्रॅक (परवाना तोडलेली चोरटी आवृत्ती) वापरून आधी बघितलं तर?

गरजच नाही. जवळजवळ सगळ्यांचे डेमो मिळतात. यू-हीच्या डेमोत काही वेळाने मध्येच खरखर येते, पण परीक्षेपुरतं ते पुष्कळ आहे. सीरम हप्त्याने घेता येतो आणि हप्ते संपले की तो तुमचा होतो, फक्त आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. शिवाय क्रॅकबरोबर मशीनमध्ये काय शिरतं याची हमी कुणी देत नाही. वर सांगितलेले तीन फुकट सिंथ ज्याने पिळून काढलेत त्याला काही विकत घ्यायची घाई होत नाही.

पाच वर्षांनी माझे आजचे प्रोजेक्ट उघडतील का?

सिंथच्या भरवशावर राहिलात तर सांगता येत नाही. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं बंद केलं आणि कित्येक जुने प्लगइन एका रात्रीत मुके झाले. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी-२ या प्लगइन जोडायच्या पद्धतीचे नवे परवाने देणं थांबवलं. २०२२ मध्ये यू-ही आणि बिटविग यांनी क्लॅप नावाची खुली पद्धत आणली. म्हणजे पद्धती बदलत राहणार. नवीन काम सुरू करताना शक्य तिथे व्हीएसटी-३ किंवा क्लॅप घ्या, ॲपलच्या लॉजिकवर असाल तर ॲपलची एयू पद्धत.

गाणं पूर्ण झालं की प्रत्येक सिंथचा ट्रॅक २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये उतरवा, इफेक्टसह एक आणि इफेक्टविना एक. मिडी क्लिप वेगळी साठवा, प्रीसेट त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये सेव्ह करा आणि सिंथच्या इन्स्टॉलरची प्रतही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, कारण उत्पादकाच्या साइटवर जुनी आवृत्ती नेहमी राहतेच असं नाही.